कानोसा : चाक एकच, तऱ्हा तीन

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहणारी निवृत्त शिक्षिका. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर, ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये, त्या थोड्या थोड्या साफ करते. आता लेकीने तिचा मॅकबुक मला दिलाय. माउस माझा जुनाच, ऑडॅसिटीही तीच. पण चाक वर फिरवलं की सगळं उलटीकडे जातं. शिफ्ट धरून पुढे जायला गेले तर मागे येते. कंट्रोल धरून चाक फिरवलं तर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा व्हायचा सोडून अख्खी स्क्रीनच अंगावर येते. माउस बिघडला का?

उत्तर : बाई (शिक्षिका आहात म्हणताय, तेव्हा ताई म्हणायला जीभ वळत नाही), माउसला काही झालेलं नाही. नवी पेठेत माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं. गुंतलेली टेप पेन्सिल घालून गुंडाळायची, तर बाजू कुठली वर आहे ते आधी बघावं लागायचं. नाहीतर टेप घट्ट व्हायची सोडून आणखी बाहेर यायची. तुमचं तेच झालंय. पेन्सिल तीच आहे, कॅसेट पालटली आहे.

चाक फक्त ‘एक खटका पुढे’ किंवा ‘एक खटका मागे’ एवढंच कळवतं. त्याचा अर्थ दोघं मिळून लावतात. किती आणि कुठल्या दिशेला हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. त्या हालचालीचं करायचं काय, म्हणजे सरकायचं की झूम करायचं, हे ऑडॅसिटी ठरवते. तक्रार कोणाकडे न्यायची ते कळायला एक सोपी परीक्षा आहे : तेच चाक ब्राउझरमध्ये फिरवून बघा. तिथंही उलटं चाललं तर ऑडॅसिटीला बोल लावू नका.

तुमच्याकडे ते तिथंही उलटंच चालणार. ॲपलने 2011 मध्ये, लायन नावाच्या आवृत्तीपासून, मॅकवर ‘नॅचरल स्क्रोलिंग’ आणलं. मोबाइलवर बोट वर सरकवलं की पान बोटाबरोबर वर जातं, तोच न्याय माउसच्या चाकाला लावला. ट्रॅकपॅडवर ते शोभतं. चाकाला का लावलं हे मला आजतागायत पटलेलं नाही. सिस्टिम सेटिंग्जमध्ये माउसच्या पानावर ‘नॅचरल स्क्रोलिंग’ बंद करा. आता गंमत अशी की ट्रॅकपॅडच्या पानावर हेच बटण पुन्हा दिसतं, पण दोन्ही आतून एकच आहेत. माउसचं बंद केलं की ट्रॅकपॅडचंही बंद. दोन्हींना वेगळी दिशा हवी असेल तर ‘स्क्रोल रिव्हर्सर’ नावाचा फुकट मिळणारा छोटा प्रोग्राम टाका. दिशा सिस्टिमच उलटवते, त्यामुळे शिफ्टचं सरकणं आणि झूम हेही त्याबरोबर आपोआप सरळ होतील.

आता कंट्रोलचं. ऑडॅसिटीत विंडोजवर जिथं कंट्रोल, तिथं मॅकवर कमांड. कमांड धरून चाक फिरवा, वेव्हफॉर्म मोठा होईल. कंट्रोल धरल्यावर अख्खी स्क्रीन वाढते, कारण ज्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत त्यांच्यासाठी मॅकमध्ये तशी सोय आहे आणि ती तुमच्या लेकीने कधीतरी चालू केलेली दिसते. ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘झूम’च्या पानावर ती बंद होते. मी मात्र चालू ठेवीन. साठीनंतर मेनूतली अक्षरं वाचायला फार बरी पडते.

एवढं केलंत तरी एक फरक राहीलच. विंडोजवर चाकाचा प्रत्येक खटका सारखा असतो. सिस्टिम त्याला 120 हा आकडा देते आणि मूळ सेटिंगमध्ये एका खटक्याला तीन ओळी सरकतात. मॅक तुमच्या हाताचा वेग बघतो. हळू फिरवलं तर जेमतेम हलतो, जोरात फिरवलं तर एकदम ढांगा टाकतो. ट्रॅकपॅडवर तर बोट उचलल्यावरही सरकणं थोडा वेळ चालूच राहतं. ते थांबायच्या आत मी एकदा कमांड दाबलं, सरकण्याचं झूम झालं, आणि दोन ओळींमधला श्वास शोधत होतो तो थेट पाऊण तासाच्या अख्ख्या रेकॉर्डिंगवर येऊन आदळलो.

म्हणून बारीक कापाकापीला चाक वापरूच नका, असं माझं मत. कमांड आणि 1 दाबलं की जवळ, 3 दाबलं की लांब, 2 दाबलं की मूळ माप. जेवढा भाग निवडलाय तेवढाच स्क्रीनभर हवा असेल तर कमांड आणि ई. विंडोजवर कमांडच्या जागी कंट्रोल, बाकी सगळं तसंच. बोटांना एकदाच शिकवायचं, मग कुठल्याही मशीनवर बसा.

आणि बाई, मागे जात्याची घरघर ऐकू येत असेल तर ती नॉइज रिडक्शनने पुसू नका. पंखा पुसा, शेजारच्या मागाची खटखट पुसा. जातं राहू द्या.

प्रश्न : मी अक्कलकोट रोडला राहतो. जुन्या पीसीवर झुबुंटू हे लिनक्स टाकून रीपर हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम चालवतो. मित्राच्या विंडोजवर आल्ट धरून चाक फिरवलं की टाइमलाइन आडवी सरकते. माझ्याकडे डेस्कटॉपच मोठा होतो. लिनक्सवरचं रीपर कच्चं आहे का?

उत्तर : नाही रे बाबा. रीपरपर्यंत तुझं चाक पोचतच नाहीये, वाटेतच कोणीतरी ते उचलतंय. झुबुंटूचा डेस्कटॉप म्हणजे एक्सएफसीई. त्याचा विंडो मॅनेजर, म्हणजे पडद्यावरच्या खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम, आल्ट आणि चाक ही जोडी स्वतःच्या झूमसाठी राखून ठेवतो. ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये माउसच्या चाकाने डेस्कटॉप झूम करण्याची खूण आहे, ती काढ. किंवा रीपरच्या ॲक्शन लिस्टमध्ये जाऊन आडव्या सरकण्याला दुसरी जोडी दे. चाकाचा हवा तो अर्थ लावून घेता येतो ही रीपरची मोठी सोय आहे. नुसतं चाक फिरवल्यावर त्यात आडवं झूम होतं. ऑडॅसिटीची सवय असलेला माणूस तिथं पहिल्याच मिनिटाला गांगरतो.

लिनक्सवरची एक जुनी गोष्ट तुला आवडेल. तिथल्या एक्स विंडो सिस्टिममध्ये चाक हे मुळात चाक नव्हतंच. वर फिरवणं म्हणजे माउसचं चौथं बटण दाबणं, खाली म्हणजे पाचवं. आडवं चाक असेल तर सहावं आणि सातवं. बटण एक तर दाबलेलं असतं नाहीतर नसतं, त्यात अर्धं काही नाही. जुन्या प्रोग्राममध्ये सरकणं गचके देत होतं ते यामुळे.

प्रश्न : रीपरमध्ये ट्रॅकची यादी चाकाने खाली-वर करताना एखाद्या ट्रॅकचा आवाज आपोआप बदलतो. का?

उत्तर : चाक फिरवताना पॉइंटर फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्टीवर, असतो म्हणून. प्रेफरन्सेसमध्ये माउसच्या पानावर फेडरवर चाक चालू न देण्याची खूण आहे, ती आजच करा. मी ती उशिरा केली. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मिक्स करत होतो, रात्री दीड वाजला होता, डोळे मिटत होते. फाइल पाठवून झोपलो. सकाळी मंडळाचे बुवा फोनवर : “सर, आमच्या पखवाजवाल्यानं तुमचं काय घोडं मारलं होतं?”