हँग-फाइव्हची घाई नको

अरे, बीएमएक्स फ्लॅटलँड, म्हणजे सपाट जागेवरच्या छोट्या सायकलीच्या कसरती, शिकतोयस ना? मग हँग-फाइव्ह, म्हणजे मागचं चाक हवेत ठेवून फक्त पुढच्या चाकावर जाणं, नंतर. आधी महिनाभर स्क्वीकर घोट: एक पाय पुढच्या पेगवर (चाकाच्या आसाला लावलेली, पाय ठेवायची नळी), दुसऱ्याने पुढचा टायर ढकलायचा, पुढचा ब्रेक किंचित सोडायचा, लगेच धरायचा. ब्रेक चिरकत राहिला की समज, जमतंय. मी हा टप्पा टाळला; नडगीवर पेगची खूण अजून मिरवतोय. शिनगार्ड घाल, हसू देत लोकांना.

आपल्या इंदुरात गुळगुळीत जागा म्हणजे सोसायटीचं पार्किंग, तेही सकाळी गाड्या निघाल्यावर. सोबत झाडू ने, बारीक वाळूवरही चाक सटकतं. टायरमध्ये हवा कडक ठेव. रोज अर्धा तास पुरे. रविवारी एकदम चार तास घाम गाळून काही होत नाही. पाय थरथरायला लागले की सायकल टेकव आणि पोहे-जिलेबी खायला जा.