आधी पाती, मग इंजिन : जुन्या रील मॉवरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : जिमखान्याच्या गोदामात २० इंची रीलचे पेट्रोलवर चालणारे लॉनमॉवर दहा-बारा वर्षे पडून आहे. पुढे फिरत्या पात्यांचे रील, मागे लोखंडी रोलर, बाजूला चेन. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन खोलून बोअर करून घ्या. या खर्चात पडावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. इंजिन दुरुस्त होते, नाही झाले तर दुसरे बसवता येते. त्या मापाचे रील मात्र सहजी मिळत नाही, त्यामुळे यंत्र ठेवायचे की भंगारात घालायचे हे रील पाहून ठरवायचे. प्लगची वायर काढून बाजूला बांधा, चेन उतरवा आणि पात्यांवरचे जुने गवत, माती तारेच्या ब्रशने खरवडून काढा. रील फिरवायला लाकडी दांडकी घ्या. हाताने हळू फिरवलेले रीलही बोट कापते.

मग माप. रीलला सहा पाती असतील तर समोरासमोरच्या पात्यांवर व्हर्निअर लावून डावे टोक, मध्य आणि उजवे टोक असा तीन ठिकाणी व्यास घ्या. पाच पात्यांना समोरासमोर जोडी नसते. तिथे कागदी पट्टी घट्ट गुंडाळून दोन्ही टोकांची मापे ताडून पाहा. खरा व्यास त्यातून निघत नाही, पण पट्टीत दीड मिलिमीटर फरक आला की व्यासात सुमारे अर्धा मिलिमीटर फरक आहे असे समजा. एवढा फरक म्हणजे रील एका बाजूला निमुळते झाले आहे. रीलखालचे स्थिर पाते जवळ आणणारे स्क्रू दोन्ही बाजूंना असतात; वर्षानुवर्षे त्यातला एकच आवळत राहिल्याचा हा परिणाम. असे रील धार लावायची खरखरीत पेस्ट लावून सुधारत नाही. क्रँकशाफ्ट ग्राइंडिंग करणाऱ्याकडे नेऊन सिलिंड्रिकल ग्राइंडिंग (गोल फिरवत घासणे) करून घ्यावे लागते. त्याला स्पष्ट सांगा : व्यास दोन्ही टोकांना सारखा हवा आणि शाफ्ट त्याच्या बेअरिंगच्या जागांवर केंद्रित करूनच रील घासायचे.

खालचे स्थिर पाते स्क्रूंनी बसवलेले असते. त्याची धार स्क्रूंच्या डोक्यांपर्यंत झिजली असेल तर पाते बदलायला झाले. नवे करून घ्यायचे तर हाय-कार्बन स्टीलची पट्टी वापरा. साध्या लोखंडी पट्टीची धार चार फेऱ्यांत जाते. पट्टी तिच्या बारवर (ज्या लोखंडी दांड्यावर ती बसते त्यावर) आवळल्यानंतर बारसकट सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या. जुना बार क्वचितच सरळ असतो आणि सुटी घासलेली सपाट पट्टी त्याच्यावर आवळली की तीही वाकते.

बेअरिंग राहिले. रीलचे एक टोक वर-खाली हलवा. टकटक जाणवली की बेअरिंग बदला, आणि ते धार लावण्यापूर्वी. जुन्या इंग्लिश मॉवरमध्ये बेअरिंग इंची मापाचे असते. आतला व्यास १९.०५ मिलिमीटर भरला तर ते पाऊण इंची आहे. दुकानदार २० मिलिमीटरचे देऊन शाफ्टवर पत्रा गुंडाळायला सांगेल, ते ऐकू नका. बेअरिंगच्या कडेवरचा नंबर वाचा. नंबर पुसला असेल तर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि रुंदी ही तिन्ही मापे घेऊन दुकानात जा.

प्रश्न : आमच्या मॉवरचे खालचे पाते जितके आवळता येईल तितके आवळले आहे. तरी हरळी कापली जात नाही, नुसती चावल्यासारखी होते. दोन दिवसांनी लॉनवर तपकिरी झाक येते.
– एक वाचक, पुणे

उत्तर : आवळल्यामुळेच. रील हे सुरीसारखे चालत नाही, कात्रीसारखे चालते. १८३० साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशर परगण्यात एडविन बडिंगने याचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्यासमोर कापड गिरणीतले, लोकरीच्या कापडावरची लव कातरणारे यंत्र होते. कात्रीचा खिळा गच्च आवळला की ती जशी अडखळते, तसेच इथे होते : पाती तापतात, धार गोल होते, इंजिन कुंथते. गवताचे शेंडे तुटतात पण कापले जात नाहीत, म्हणून ते वाळून तपकिरी दिसतात.

खालचे पाते दोन्ही बाजूंनी सैल करा. मग डावा-उजवा स्क्रू आलटून पालटून एकाष्टमांश फेरा फिरवत पाते जवळ आणा, रील फिरवताना हलकी कुजबुज ऐकू येईपर्यंत. वर्तमानपत्राच्या पट्ट्या घ्या आणि प्रत्येक पात्याखाली डावीकडून उजवीकडे निदान पाच ठिकाणी कापून पाहा. एकाच बाजूला कागद दुमडत असेल तर जुळणी चुकली आहे. सगळीकडे दुमडत असेल तर धार गेली आहे.

धार लावायची पद्धत उलट फिरवण्याची. चेन काढून रीलच्या शाफ्टच्या नटावर सॉकेट बसवा आणि ड्रिल मशीनने रील रोजच्या उलट दिशेने, अगदी संथ फिरवा. नट सुटू लागला तर दुसऱ्या टोकाला सॉकेट लावा. लांब दांड्याच्या ब्रशने पेस्ट पसरत जायचे, बोट जवळ न्यायचे नाही. ८० नंबरची पेस्ट झिजलेल्या धारेला, १२० नंबरची शेवटच्या हाताला. ती न मिळाल्यास ऑटो पार्ट्सच्या दुकानातली व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट, डबीतली जाड बाजू, थोड्या इंजिन ऑइलमध्ये पातळ करून चालते. दोन-तीन मिनिटे फिरवले की पुसा, कागद कापून पाहा, पुन्हा हलके जवळ आणा. शेवटी रॉकेलने पूर्ण धुवा. पेस्ट राहिली तर ती धार खातच राहते. बेअरिंगच्या तोंडाशी फडके गुंडाळायला विसरू नका.

मुरमाच्या खड्यामुळे पात्याला खाच पडली असेल तर बाहेर आलेली धातूची कड तेवढी कानशीने काढा. खाच नाहीशी होईपर्यंत पाते घासणे म्हणजे एका ओरखड्यासाठी अख्खे रील घालवणे.

आणखी एक : पावसाळ्यात वीतभर वाढलेल्या गवतात रील घालू नका. ते गवत पात्यांत येतच नाही, पुढच्या रोलरखाली आडवे होते. आधी ब्रश कटरने उतरवा. कापणीची उंची मोजताना पुढच्या-मागच्या रोलरला खालून सरळ पट्टी टेकवा आणि तिथपासून खालच्या पात्याच्या धारेपर्यंतचे अंतर घ्या. हरळीला १५ ते २० मिलिमीटर पुरते.

प्रश्न : इंजिन थंड असताना लगेच सुरू होते, दहा मिनिटांनी बंद पडते. अर्ध्या तासाने पुन्हा चालते. कार्बोरेटर दोनदा साफ केला.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तिसऱ्यांदा करू नका. बंद पडताक्षणी टाकीचे झाकण उघडा. लगेच सुरू झाले तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. तसे नसेल तर गरम असतानाच प्लग काढून ठिणगी पाहा. गरमपणी ठिणगी नाही आणि थंड झाल्यावर आली, तर कंडेन्सर किंवा मॅग्नेटोची कॉइल. कंडेन्सर स्वस्त, आधी तो बदला. सोबत पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) साफ करून फट फिलर गेजने ०.४५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा. त्यासाठी फ्लायव्हील काढावे लागले तर पुलर वापरा, शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका.

ठिणगी चांगली असून गरमपणी दोरी हलकी ओढली जाते का? साइड व्हॉल्व्ह इंजिनात व्हॉल्व्हची फट कमी झाली की तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि दाब निसटतो.

कार्बोरेटर उघडलाच आहे तर फ्लोट (आतल्या पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी राखणारा भाग) पाहा. तो बुचाचा असेल तर त्यावर लाखेचे रोगण असते आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. रोगण गेले की बूच पेट्रोल पिऊन जड होते, बुडते, आणि कार्बोरेटर वाहू लागतो. पितळी फ्लोट बसवा, रबरी नळीही इथेनॉल सोसणारी घ्या. काम झाल्यावर इंधनाचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा. टू-स्ट्रोक असेल तर लिटरला ४० मिलिलिटर टू-टी ऑइल.

प्रश्न : मूळ इंजिन गेलेच आहे. बाजारातले नवे छोटे पेट्रोल इंजिन बसेल का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : बसेल, पण आधी फिरण्याची दिशा पाहा. आजची बहुतेक छोटी आडव्या शाफ्टची इंजिने शाफ्टच्या टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतात. मूळ इंजिन तसे नसेल, तर चेन जशीच्या तशी जोडून रील उलटे फिरेल आणि काहीच कापणार नाही. मग इंजिनची बाजू बदला किंवा मध्ये गिअरची एक जोडी घाला. दुसरी गोष्ट वेग. ही इंजिने मिनिटाला ३६०० फेऱ्यांपर्यंत जातात; जुन्याचा वेग कमी असेल तर इंजिनकडचे स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) लहान घ्यावे लागेल.

जुनी चेन अर्धा इंची असेल तर ताणून २४ कड्या मोजा. नवी ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०८ च्या आसपास गेली तर चेन बदला, आणि स्प्रॉकेटचे दात वाकडे झाले असतील तर तेही. मध्यावर बोटाने दाबल्यावर १० मिलिमीटर तरी खाली गेली पाहिजे. गच्च ताणलेली चेन नवे बेअरिंग लवकर खाते.