ग्लासगोला निघालीयेस तर

अगं, ग्लासगोतल्या अ‍ॅडमिशनचं वाचलं, लय भारी! तू विचारलंयस की आधी एडिनबरा आर्ट फेस्टिव्हल बघून मग ग्लासगोला जाऊ का. जा की, 2004 पासून दर ऑगस्टला असतो, बरंच काही फुकटात बघता येतं, पण त्याच महिन्यात फ्रिंज या तिथल्या मोठ्या नाट्य-कला महोत्सवाची गर्दी असते आणि खोल्यांचे भाव ऐकून चक्कर येईल, त्यामुळे सामान ग्लासगोत टाक आणि ट्रेनने जाऊन-येऊन कर, तासाभराचा तर प्रवास आहे.

एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनला उतरलीस की फ्रूटमार्केट गॅलरी स्टेशनला खेटूनच आहे, आणि तिथून दोन पावलांवर स्कॉट्समन स्टेप्स. 104 पायऱ्यांचा जुना जिना, मार्टिन क्रीड या कलाकाराने 2011 मध्ये प्रत्येक पायरीला वेगळा संगमरवर बसवला, आणि लोक त्यावरून बॅगा आपटत ट्रेन पकडायला पळत असतात, कोणी खाली बघत पण नाही. तू मात्र सावकाश चढ, फोटो नंतर काढ. मला तर तिकीट काढून बघायच्या मोठ्या शोपेक्षा हा जिना जास्त आवडतो.

पण मला खरं बोलायचंय ते ग्लासगोबद्दल. तिथे कोणीतरी बोलावेल म्हणून वाट बघत बसू नकोस. 1983 मध्ये तिथल्या आर्ट स्कूलमधून बाहेर पडलेल्या पोरांना शो करायला जागा मिळेना, तर त्यांनी ट्रान्समिशन नावाची स्वतःचीच गॅलरी काढली. कलाकारांचीच कमिटी ती चालवते आणि मेंबर बदलत राहतात, खुर्चीला चिकटून बसायची सोयच नाही (आपल्याकडच्या कला मंडळांबद्दल मी काही बोलत नाहीये हं). डग्लस गॉर्डन आणि सायमन स्टार्लिंग दोघंही त्या कमिटीत होते, पुढे टर्नर प्राइझ, म्हणजे ब्रिटनमधलं कलेचं मोठं बक्षीस, मिळालं, गॉर्डनला 1996 ला आणि स्टार्लिंगला 2005 ला. तेव्हा ओपनिंगला नुसती मिरवायला जाऊ नकोस, भिंती रंगवायला माणूस हवाय का विचार, फक्त व्हिसावर किती तास काम करता येतं त्याचे नियम आधी नीट वाच. दर दोन वर्षांनी ग्लासगो इंटरनॅशनल हा कला महोत्सव असतो, तेव्हा तर कुठल्या कुठल्या जागांमध्ये शो लागतात, आणि अशी ओळख तेव्हा कामाला येते.

आणि ट्रामवेला जाच. जुना ट्राम डेपो, आता कला केंद्र, 1988 मध्ये ब्रिटिश दिग्दर्शक पीटर ब्रूकचं महाभारत हे नाटक तिथेच झालं. आसपास पोलॉकशील्ड्सची वस्ती, देशी दुकानं भरपूर, कोथिंबिरीची चिंता नको! तिथेच वाढलेल्या जसलीन कौर या कलाकाराने 2023 मध्ये ट्रामवेमध्ये एक लाल फोर्ड एस्कॉर्ट उभी केली आणि तिच्यावर क्रोशाचा भलामोठा रुमाल घातला, आपल्याकडे टीव्हीवर घालायचे ना, तसलाच, फक्त अख्ख्या गाडीच्या मापाचा. त्याच प्रदर्शनासाठी 2024 चं टर्नर प्राइझ तिला मिळालं. तिने भारतीय दिसावं म्हणून मोर-कमळं नाही काढली गं, घरात जे होतं तेच मोठं करून मांडलं, आयर्न ब्रू या स्कॉटिश कोल्ड्रिंकची बाटलीसुद्धा सोडली नाही.

म्हणून सांगतोय, तुझ्या पोर्टफोलिओतली ती अ‍ॅबस्ट्रॅक्ट गणपतींची सिरीज काढून टाक. आजोबांच्या रेशन दुकानाची ड्रॉइंग्ज शेवटी कुठेतरी कोंबलीयेस, ती पहिल्या पानावर घे आणि नवी पीडीएफ रविवारपर्यंत पाठव मला.