पहिला घोट शनिवारी, घसरण त्याच्या तीन आठवडे आधी

"तीस दिवस व्यसनमुक्ती केंद्रात राहून आले, साडेतीन महिने थेंबाला शिवले नाहीत. परवा पगार झाला आणि पिऊन आले. सगळं पाण्यात गेलं का? परत भरती करू का?" फॉलोअपला आलेल्या बायकोचा हा प्रश्न. पुढचं उदाहरण एकाच घराचं नाही. अनेक घरांतले तपशील एकत्र करून, कोणाची ओळख लागणार नाही असं लिहिलं आहे.

नवरा बेचाळीस वर्षांचा, एमआयडीसीत लेथवर काम करणारा. शनिवारी ७ तारखेला दोन क्वार्टर घेतल्या, रविवारी घेतली नाही. ताईंना पहिलं उत्तर हेच दिलं: पाण्यात काही गेलेलं नाही, पण ही गोष्ट हसण्यावारी न्यायचीही नाही. एका संध्याकाळचं पिणं म्हणजे स्लिप. ती लपवली, तिचा अर्थ लावला नाही, तर चार दिवसांत जुनं पिणं सुरू होतं.

मंगळवारी दोघं आले. कागदावर शनिवारपासून उलटं मागे जायचं ठरलं. घोट कधी घेतला हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याआधी काय काय सुटत गेलं, हे कोणी विचारत नाही.

शनिवारी सहाला शिफ्ट सुटली. दुपारी एकनंतर पोटात काही नव्हतं. रोख पगारातले पैसे खिशात. एका सहकाऱ्याला सोडायला म्हणून गाडी जुन्या रस्त्याने घेतली, आणि तो रस्ता परमिट रूमवरून जातो. हा निर्णय त्यांना तेव्हा अगदी साधा वाटला होता. असे साधे वाटणारे निर्णयच नीट पाहावे लागतात. त्याआधीच्या गुरुवारी घरी यायला वीस मिनिटं उशीर झाला, तेव्हा बायकोने दारातच तोंडाचा वास घेतला. त्या दिवशी ते प्यायले नव्हते. "न पिऊनही संशयच घेणार, मग न पिऊन काय मिळालं?" हे वाक्य त्यांनी मनात दोन दिवस घोळवलं. त्याच्याही आधी नाईट शिफ्टचा आठवडा: झोप चार तास, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) दोन मीटिंगा बुडाल्या. आणि तीन आठवड्यांपूर्वी डायसल्फिरामची गोळी (ही चालू असताना दारू घेतली तर अंगावर त्रास होतो) स्वतःच बंद केली, "आता गरज नाही" म्हणून.

या गोळीचा असर शेवटच्या डोसनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तीन आठवडे उलटल्यामुळे शनिवारी काही त्रास झाला नाही. त्यातून "बघ, काही होत नाही" असा धीर आला आणि दुसरी क्वार्टर मागवली गेली. तिच्यामागे आणखी एक विचार होता: "आता पडलोच आहे, तर पुरतंच पडू." पहिल्या क्वार्टरपेक्षा हा विचार जास्त घातक. तो मोडायचं वाक्य आधीच पाठ हवं: एक झाली, इथेच थांबतो, आत्ता फोन करतो.

मग पुढच्या ७ तारखेची आखणी झाली. पगार थेट खात्यात घ्यायचा आणि एटीएम कार्ड घरी ठेवायचं. साडेपाचला डब्यातली उरलेली भाकरी खायचीच, कारण रिकाम्या पोटी तलफ जोरात येते. जुना रस्ता बंद, सहकाऱ्याने आपलं आपण जायचं. शर्टाच्या खिशात तीन फोन नंबर: स्पॉन्सर (ए.ए.मधला आधार देणारा जुना सदस्य), भाऊ, केंद्र. तलफ चढते तशी उतरतेही, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ घड्याळ लावायचं, पाणी प्यायचं, जागा बदलायची आणि पहिला नंबर फिरवायचा. आग्रह झाला तर एकच उत्तर, "गोळी चालू आहे, घेतली तर दवाखान्यात न्यावं लागेल." कारणं देत बसलं की समोरचा त्यातून वाट काढतो. गटारी आणि भाच्याची वरात यांच्या तारखाही त्याच कागदावर लिहून ठेवल्या.

गोळीबद्दल ताईंना वेगळं बसवून सांगावं लागलं. शेजारणीने सुचवलं होतं, वरणात कुटून घाला. असं कधीही करू नका. माहीत नसताना तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो, हृदयाचे ठोके बिघडू शकतात, जीवही जाऊ शकतो. स्लिपनंतर ही गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करायची. शेवटच्या घोटानंतर निदान बारा तास जावे लागतात. गोळी चालू असताना आसवं-अरिष्टं, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, दाढीनंतरचं लोशन यांनीही त्रास होऊ शकतो.

घरच्यांनी काय करायचं? प्यायलेल्या रात्री बोलायचं नाही, सकाळी चहानंतर बोलायचं. कंपनीत "ताप आलाय" असा फोन बायकोने करायचा नाही. वास घेणं बंद. त्याऐवजी उशीर होणार असेल तर फोन त्याने करायचा. ताईंना अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच्या गटाचा दिवस लिहून दिला. तीन महिने पहारा देऊन त्याही थकल्या होत्या.

परत भरतीचं काय? एका संध्याकाळनंतर थांबला असेल, तर बहुधा दुसऱ्या दिवशीची ओपीडी पुरते. सलग काही दिवस पिणं झालं असेल, तर घरच्या घरी एकदम बंद करू नका. थांबल्यावर साधारण सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम, थरथर, नसलेलं दिसणं सुरू होऊ शकतं. तेव्हा दवाखानाच. गर्दसारख्या (हेरॉइनच्या) नशेत धोका वेगळा असतो: उपचारानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, त्यामुळे जुन्या मापाने घेतलेला पहिलाच डोस प्राणावर बेततो. रात्री-अपरात्री काय करावं कळेनासं झालं, तर व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

पुढचा फॉलोअप ६ तारखेला ठेवला आहे, पगाराच्या आदल्या दिवशी.