द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये अमोनियाची गळती ओळखायला पॉलिमर नॅनोतंतूंचे सेन्सर चालतील का?

तत्त्व पक्कं आहे, पण आज केवळ त्यांच्या भरवशावर कोल्ड स्टोरेज सोडू नका.

खोल्या थंड ठेवणाऱ्या यंत्रणेतल्या अमोनियासाठी बहुधा पॉलिअ‍ॅनिलीन हा वीज वाहून नेणारा सेंद्रिय पॉलिमर वापरतात. आम्लाने डोप केलेला, म्हणजे आम्लातले प्रोटॉन घेऊन वीजवाहक झालेला, तो हिरवा असतो. अमोनियाचा रेणू त्याच्यावरचा प्रोटॉन काढून घेतो, विद्युतरोध झपाट्याने वाढतो. गॅस जास्त असेल तर रंगही निळ्याकडे झुकतो. हवा स्वच्छ झाली की बराचसा पूर्ववत. त्याचे नॅनोतंतू केसाहून कितीतरी बारीक, इतके की गॅस त्यांच्या गाभ्यापर्यंत लगेच पोचतो. जाड थरात तो वरवरच अडकतो. आणि हे सगळं साध्या तापमानाला! टिन ऑक्साइडचे नेहमीचे सेन्सर 200 ते 400 अंशांपर्यंत तापवावे लागतात.

खरी अडचण दमटपणाची. द्राक्षांचे देठ सुकू नयेत म्हणून पिंपळगाव, दिंडोरीकडच्या खोल्यांत आर्द्रता 90 टक्क्यांच्या आसपास किंवा वर ठेवतात, आणि पाण्याच्या वाफेनेही रीडिंग हलतं. त्यात पेटीतल्या ग्रेपगार्डच्या, म्हणजे बुरशी रोखणाऱ्या, कागदातून सल्फर डायऑक्साइड सुटतो. तो आम्लधर्मी, म्हणजे रीडिंग उलट दिशेला ओढू शकतो. कोरड्या हवेत मिळालेले प्रयोगशाळेतले आकडे इथे जसेच्या तसे धरू नयेत.

नाकावरही विसंबू नका, वासाची सवय होते. हवेत अमोनिया 300 पीपीएम (दहा लाख भागांत 300 भाग) झाला की जिवावर बेतू शकतं. कॉम्प्रेसर रूममध्ये प्रमाणित इलेक्ट्रोकेमिकल डिटेक्टर बसवा, वेळच्या वेळी कॅलिब्रेट करून घ्या. नवे सेन्सर हवे तर त्याच्या जोडीला लावून पाहा.