नोराचं जाणं पटत नाही

प्रश्न : ताई, आमचा हौशी गट नॉर्वेचा नाटककार इब्सेन याचं 'अ डॉल्स हाउस' बसवतोय. नोरा मी करतेय. नवरा इतक्या लाडात ठेवतो, तरी शेवटी ती तीन मुलं मागे ठेवून निघून जाते. तालमीत सगळे म्हणतात, हे एकदमच होतं, शेवट बदलू या. काय करू?

उत्तर : बदलू नका. तो उद्योग खुद्द इब्सेनने करून झालाय. नाटक आलं १८७९मध्ये. पुढच्याच वर्षी जर्मनीतली एक नटी अडून बसली, मी मुलांना सोडून जाणार नाही म्हणून. दुसऱ्या कुणी मोडतोड करण्यापेक्षा आपणच केलेली बरी, असं म्हणत त्याने शेवट बदलून दिला. त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशीच कोसळते. तो शेवट त्यालाही रानटी वाटला होता.

एकदम होतं असं वाटतंय, म्हणजे पहिला अंक तुम्ही नुसता लाडीगोडीत करताय. मीही तसाच केला होता! नवऱ्याने गोड खायला बंदी केलीय, म्हणून ही मॅकरून पटकन खिशात टाकते, तोंड पुसते आणि मग त्याला हाक मारते. ते तोंड पुसणं घाईत उरकू नका. नवऱ्याच्या आजारपणासाठी तिने चोरून कर्ज काढलंय. तेव्हा नॉर्वेत बायकोला नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नसे, म्हणून जामीन वडिलांची खोटी सही. ते फेडायला हिवाळाभर दार लावून रात्री कागदपत्रांच्या नकला लिहून देत होती. कमावताना आपण जवळपास पुरुषच आहोत असं वाटायचं, हे मैत्रिणीला सांगताना तुमचा आवाज बदलला पाहिजे. निघणारी बाई तिथेच दिसते.

आणि टपालपेटी. कर्जाचं बिंग फोडणारं सावकाराचं पत्र तीत पडलंय आणि किल्ली नवऱ्याकडे. तिसऱ्या अंकात त्याला कुलपात मोडका आकडा सापडतो, हिच्याच केसांतला. ही झटकन मुलांवर ढकलते. लाडाच्या घरात बाईला आपल्या दारची पेटी आकड्याने उघडायची वेळ येते, हे प्रेक्षकांना दिसलं की पुढचं समजावत बसावं लागत नाही.

शेवटच्या दाराचा आवाज खालून येतो, रस्त्याकडच्या दाराचा. आम्ही हौसेने सेटवरचंच दार आपटलं. भिंत हलली, लोक हसले.