पहिल्यांदाच वासोटा किल्ल्यावर जातोय. जवळची नागेश्वरची गुहाही त्याच दिवशी होईल का? बूट कोणते घेऊ?

होईल. पहिल्या लाँचने पलीकडे उतरलात, पाय चालते असले आणि सोबत माझे धाकटे दीर नसले, तर.

आम्ही डिसेंबरात गेलो होतो. बामणोलीहून निघायलाच साडेनऊ वाजले. कोयनेचा शिवसागर जलाशय ओलांडायला सव्वा तास, मग मेट इंदवलीच्या चौकीवर वनखात्याचा माणूस प्रत्येकाच्या सॅकमधलं प्लास्टिक मोजत बसला. ओढ्याकाठच्या मारुती-गणपतीला हात जोडून चढाला लागलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. चढ दमवणारा, पण झाडी इतकी दाट की ऊन अंगावर येत नाही. एका वळणावर गव्याचं शेण दिसलं, अजून ओलं. तिथून पुढे सगळे गप्प.

नागेश्वरच्या फाट्याला पोहोचलो तर पाऊण. लाँचवाल्याने साडेचारचं बजावलेलं. दीर म्हणाले, "वहिनी, नागेश्वर काय, हा इथेच आहे." मी म्हटलं, "भावोजी, जाऊन यायला तीन तास धरा, मग वासोटा कधी बघणार?" मी दगडावर बसकण मारली. शेवटी फक्त वासोटा झाला. बाबूकड्यावरून खाली कोकण बघताना कुणाला नागेश्वर आठवला नाही.

सव्वादोनला उतरायला लागलो. अर्ध्या वाटेत दिरांच्या उजव्या बुटाचा तळ टाचेकडून सुटला आणि चालताना फटक-फटक वाजायला लागला. दहा मिनिटांत डावाही गेला. बूट महागाचे, पण सहा वर्षं माळ्यावर पडलेले. असा फोमचा तळ दमट हवेत आतल्या आत कुजतो, वरून कळतही नाही. माझी ओढणी फाडून बांधली, तीही वाळक्या पाल्यावर सटकत होती. दीड तासाच्या उताराला तीन तास लागले. लाँचवाला काय काय बोलला ते इथे लिहीत नाही.

आणि तरी आजही घरातल्या प्रत्येक लग्नात हे गृहस्थ सांगतात, "वहिनींमुळे नागेश्वर राहिलं." नागेश्वरला गेलो असतो तर ते बूट कुठे सुटले असते, याचा हिशोब कुणी करत नाही!

तेव्हा बूट कुठलेही घ्या, पण आधी दोन-तीनदा घालून डोंगर चढून बघा, तळ हाताने ओढून बघा. फाट्यावर बारा वाजून गेले असतील तर नागेश्वर सोडा, कुणी कितीही टोमणे मारोत. पावसाळ्यात वाट बंद असते आणि अभयारण्यात मुक्काम करता येत नाही. लाँचच्या वेळा बदलतात, निघण्याआधी बामणोलीला विचारून घ्या. तुमचं वय विशीतलं असेल तर माझ्या वेळांतून थोडं वजा करा.

जंगलात काही टाकायचं नसतं म्हणून ते दोन्ही तळ माझ्याच सॅकमधून घरी आले. अजून ठेवलेत. वैशाखात पुतणीचं लग्न आहे.